शटरच्या आतून

"पुढच्या सोमवारपासून तू येऊ नकोस," दादा म्हणाला. स्कूटर चालू होती, त्यामुळं मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय?"

"शेडमध्ये येऊ नकोस म्हटलं. पोरं बोलायलेत."

"काय बोलायलेत?"

"कोण ही पोरगी, दर सोमवारी येती."

"मग सांग की, माझी बहीण आहे."

"सांगितलं. तरी बोलत्यात."

"मग त्यांची थोबाडं बंद कर जा! मला कशाला घरात बसवतोस?" मी मागून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "आणि पंप? पंप कोण आणणार तुझा?"

"मी ठेवीन खिशात."

"तू?" मी इतक्या मोठ्यानं हसले की कडेचा सायकलवाला वळून बघायला लागला. "तू ठेवणार? बरं. मग आज मी पुढं उभारतो. स्टेजच्या समोर. तू थांब एकटा तुझ्या शटरपाशी."

आम्ही कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतो, मी येतो, मी जातो. लग्न करून पुण्याला आल्यावर सासूबाईंनी मला धरून ‘येते-जाते’ करायला लावलं. पण ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नव्हते.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ धैर्यशील. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, उद्यमनगरात लेथवर टर्नर. नाव धैर्यशील आणि छाती चिमणीएवढी. लहानपणापासून दमा. शेजारी कुणी मिरच्या भाजल्या, कुणी चादर झटकली, की ह्याचा भाता सुरू. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता, पण ह्या बाबानं वर्षात तीन पंप हरवले. शेवटी आईनं फर्मान काढलं. सोमवारी त्या शेडमध्ये गाणी ऐकायला जायचं असेल तर वैजूला घेऊन जायचं. पंप तिच्या पिशवीत राहील.

"वैजू, त्याच्यावरची नजर काढायची नाही," आईनं मला बजावलं होतं. "तिथं धूर असतोय, धूळ असती. त्याला काय झालं तर मी तुला विचारणार."

लोकांच्यात भाऊ बहिणीला सांभाळायला बरोबर जातो. आमच्यात उलटं होतं.

पहिल्यांदा मी कुरकुरतच गेले. आप्पा सुतारांची ती शेड म्हणजे बंद पडलेलं वर्कशॉप. यंत्रं विकून झाली होती, फरशीत त्यांच्या बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. वर पत्रा, तीन बाजूंना विटांच्या भिंती, मागचं दार भंगारानं बुजलेलं. आत-बाहेर करायला समोरचं एकच मोठं शटर. सोमवारी उद्यमनगराला सुट्टी, गल्लीत चिटपाखरू नसायचं, म्हणून दुपारी चारला बँड वाजायचे. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं, मिरजेची पोरं, फौंड्रीत काम करणारी पोरं. गिटार उसनी, अँप्लिफायर मांडववाल्याचा, आणि साठ माणसांच्या जागेत शंभर घुसलेली. ऑइलचा वास, घामाचा वास, आणि तो आवाज! पहिल्या दिवशी माझे कान मंगळवारपर्यंत गुंगत होते. मी वेडी झाले हो त्या जागेपायी. आठवडाभर कॉलेजात, घरात, सगळीकडं मी शहाण्या मुलीसारखी बसायची ते फक्त सोमवारच्या चार वाजण्यासाठी. तिथं मला कुणी हळू बोल म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

आणि दादा माझ्याकडून तेच काढून घेत होता.

शेडची एक प्रथा होती, ती सांगायला पाहिजे. शेवटचं गाणं सुरू झालं की आप्पा आकडा लावून शटर खाली ओढायचे. झालं असं होतं की एकदा पोलिसांची जीप आली म्हणून आप्पांनी घाईघाईनं शटर पाडलं. चौघंजण बाहेरच राहिले. त्यांनी शटर बडवलं, आतल्यांनी उलट बडवलं, ड्रमवाल्या इम्तियाजनं तोच ताल उचलला, आणि पाच मिनिटांचं गाणं पंधरा मिनिटं चाललं. जीप कधीच निघून गेली होती. पण त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. शेवटचं गाणं म्हणजे शटर खाली. बाहेर राहतील त्यांनी वाजवायचं, आत शटरजवळ जो असेल त्यानं उत्तर द्यायचं. गाणं संपल्याशिवाय शटर वर नाही, देव आला तरी नाही. पोरं मुद्दाम शेवटच्या गाण्याआधी बाहेर पळायची. आमचा अभिनंदन मगदूम, सगळे अभ्या म्हणायचे त्याला, प्रत्येक शो टेप करायचा. तो आपला टेपरेकॉर्डर शटरशेजारच्या रॅकवरच ठेवायचा. तिथली वाजवावाजवी सगळ्यात भारी येती म्हणायचा.

दादाची वाजवायची एक तऱ्हा होती. आधी एक, मग जरा थांबून दोन. टक. टकटक. घरी बाथरूमचं दार असो, जेवायचं ताट असो, तेच. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आला माझा तबलजी." लेथवर काम करणाऱ्याच्या हातात मोजमाप असतं, त्याचा ताल कधी केसभर हलत नसे. नुसत्या टकटकीवरून मला दाराबाहेर तोच आहे हे ओळखू यायचं.

आणि माझ्या हातात त्यानंच केलेलं कडं होतं. स्टेनलेस स्टीलच्या जाड पाइपाचा तुकडा, लेथवर घासून, पॉलिश करून, राखीपौर्णिमेला दिलेला. "बाजारात मिळणार नाही असलं," म्हणाला होता. खरंच नव्हतं मिळत. इतकं जड की लिहिताना बाकावर आपटायचं आणि सर माझ्याकडं बघायचे.

तर तो सोमवार. ‘भट्टी’ नावाचा बँड होता, फौंड्रीतल्या पोरांचा, त्यांचा शेवटचा शो. गाणारा दुसऱ्या दिवशी दुबईला निघणार होता. गर्दी अशी की हात वर केला तर खाली घ्यायला जागा नाही. मी ठरवल्याप्रमाणं पुढं जाऊन उभी राहिले, पिशवी पोटाशी धरून. दादा मागं, शटरपाशी, जिथं वारा यायचा.

सहा-सात गाणी झाली. मग इम्तियाज स्टेजमागून एक घमेलं घेऊन आला. शहरातल्या मोठ्या शोमध्ये स्टेजवर धूर सोडतात ना, तसला धूर ह्यांना पाहिजे होता. मशीन कुठलं आणणार? ह्यांनी घमेल्यात निखारे घातले आणि वर मूठ मूठ ऊद टाकला.

असा धूर झाला म्हणून सांगू! सगळी शेड पांढरी झाली. पोरं ओरडायला लागली, शिट्ट्या वाजवायला लागली. माझे डोळे झोंबले, आणि पहिला विचार आला तो दादाचा.

मी मागं वळून बघितलं. तो शटरपाशी उभा होता, एक हात भिंतीला लावून, मान उंच करून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. मलाच. दुसऱ्या हाताची मूठ त्यानं छातीवर ठेवली होती. आमची खूण होती ती, पंप दे.

आता खोटं बोलून काय मिळणार आहे? मी बघितलं, आणि समोरच्या उंच पोराच्या आड झाले. म्हटलं, शोध. शोध जरा. पुढच्या सोमवारी खिशात ठेवणार आहेस ना पंप? आजच ठेवायचास की मग.

दोन मिनिटांनी माझं मलाच राहवलं नाही. कोपरं मारत, शिव्या खात मी मागं गेले. दादा तिथं नव्हता.

"माझा भाऊ कुठं गेला?" मी अभ्याला विचारलं.

"बाहेर गेला. वारा खायला."

मी शटरकडं वळले आणि तेवढ्यात ते धडधडत खाली आलं. माझ्या पायाशी येऊन आदळलं. इम्तियाजनं शेवटच्या गाण्याचे पहिले ठोके टाकले आणि शंभर जणांनी आरोळी दिली.

"आप्पा, मला बाहेर जायचंय," मी म्हटलं.

"आता गाणं संपल्यावर, पोरी," आप्पा हसले. "प्रथा आहे."

मी अजून एकदा म्हटलं असतं तर त्यांनी उघडलं असतं. ते काही वाईट माणूस नव्हते. पंप, दमा, एवढे दोन शब्द त्यांच्या कानात ओरडले असते तरी पुरे होतं. मी पिशवीत हात घातला होता, पंप बोटांना लागत होता. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

टक. टकटक.

माझ्या जिवात जीव आला. वाजवतोय म्हणजे बरा आहे! आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर राग उलट वर आला. नेहमी बाहेर दहा-बारा जण असायचे, आज शेवटचा शो म्हणून सगळे आत. बाहेर हा एकटा. म्हटलं, बरं झालं. मला घरात बसवणार होतास ना? बघ आता, आत सगळे असताना आपण बाहेर राहिलं की कसं वाटतंय.

"दे की उत्तर!" अभ्या ओरडला. टेपरेकॉर्डर त्यानं माझ्याजवळ सरकवला. "टेपात भारी यायलंय!"

मी हात उचलला आणि कड्यानं शटरवर मारलं. खण. खणखण.

बाहेरून परत आलं. टक. टकटक. जरा जोरात.

मी परत मारलं. आजूबाजूची पोरं टाळ्या पिटायला लागली. इम्तियाजनं ताल उचलला. सगळी शेड माझ्या कड्यावर नाचत होती. मला किती आनंद झाला होता हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण झाला होता. दर सोमवारी मी कडेला उभी राहून दुसऱ्याचा पंप सांभाळायची. त्या दिवशी सगळे माझ्याकडं बघत होते.

टक. टकटक. टकटकटक. टक.

"हॅ! ताल सोडला गड्यानं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

दादाचा ताल चुकत नाही. हे त्या शंभर जणांत फक्त मला ठाऊक होतं. माझा हात वर होता तो तसाच थांबला. मला कळलं होतं का? मी सव्वीस वर्षं स्वतःला हेच विचारत आलेय. कळलं होतं. आणि तरी मी उत्तरच दिलं. खण. खणखण. प्रथाच होती ना. आणि मला वाटलं, अजून एकदा वाजवू दे, मग सांगते आप्पांना.

मग बाहेरून एकदाच आलं. टक.

मी पुढच्या दोनची वाट बघत उभी राहिले. ते आलेच नाहीत. मागं गाणं चालू होतं, पोरं उड्या मारत होती, मी पत्र्याला कान लावून उभी. अभ्या म्हणाला, "दमला वाटतं." मी आप्पांचा शर्ट धरून ओढला, किंचाळले, "उघडा, उघडा!" त्यांना वाटलं मी गाण्याला ओरडतेय. त्यांनी उघडलं तेव्हा गाणं संपत आलं होतं.

बाहेर कुणी नव्हतं. लख्ख ऊन, बंद वर्कशॉप, रिकामी गल्ली. शटरपाशी दादाचं एक सँडल उलटं पडलं होतं.

कोपऱ्यावरचा पानवाला तेवढा त्या दिवशी उघडा होता. तो धावत आला. म्हणाला, "पडला होता ओ पोरगा. निळा पडलेला. आम्ही दोघं-तिघांनी टेम्पोत घालून पाठवलं. आत एवढं वाजवत होता तुम्ही, ऐकू आलं नाही व्हय?"

दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. छाती अशी वर-खाली होत होती की बघवत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाहेर घालवलं. मी सार्वजनिक नळापाशी बसून रडले, आणि रडून झाल्यावर काय केलं माहीत आहे? रिक्षा करून घरी गेले. आई शेजारणीबरोबर आधीच दवाखान्याकडं निघाली होती. घर मोकळं. मी पिशवीतून पंप काढला आणि दादाच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर ठेवला. त्याचे कपडे घेतले, चादर घेतली, आणि परत गेले.

आई खाटेपाशी उभी होती. मला बघितल्याबरोबर तिनं विचारलं, "पंप कुठं होता?"

मी घरून काय काय ठरवून आले होते, त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. दादानं हात हलवला. मास्क जरा बाजूला केला.

"घरात," तो म्हणाला. एकेक शब्दाला थांबत. "मीच... निघताना तिच्याकडनं घेतला... आणि विसरलो."

"आणि ही? ही काय करत होती?"

"तिला ठाऊकच नाही, मी बाहेर गेलेलो. ती पुढं होती."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "धैर्या, काय विसरभोळा रे तू! जिवाचंसुद्धा भान नाही!"

रात्री वडिलांना घरी पंप सापडला. खुर्चीवर. सगळं जुळलं. दादानं सांगितलेलं आणि मी ठेवलेलं, आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता. चौथ्या दिवशी तो घरी आला. शेडचं नाव त्यानं परत काढलं नाही, मीही काढलं नाही. कडं मी त्याच आठवड्यात उतरवलं, हरवलं म्हणून सांगितलं. आईनं तेवढ्यावरूनही मला चार शब्द सुनावले. दादा ताटावरून मान वर न करता जेवत होता.

आई गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यातसुद्धा ती दादाला म्हणायची, "पंप घेतलास का? तू विसरतोस रे." आणि तो म्हणायचा, "घेतला, आई." मी पायाशी बसलेली असायची. किती वेळा ओठांवर आलं. नाही बोलले.

इतकी वर्षं मी एकाच गोष्टीवर तगले. शटर बंद होतं. आत शंभर माणसं होती. कोण वाजवत होतं ते बाहेरच्याला काय कळणार?

मग अलीकडं अभ्या मगदूमनं मोबाइलवर ग्रुप काढला, ‘आप्पांची शेड’. त्याचं आता रंगाचं दुकान आहे. माळ्यावर त्याला जुन्या कॅसेट सापडल्या, त्या त्यानं कुणाकडून तरी मोबाइलमध्ये घालून घेतल्या आणि एकेक टाकायला लागला. एका दुपारी आलं. भट्टी, शेवटचा शो, शेवटचं गाणं. खाली पोरांच्या, म्हणजे आता पन्नाशीच्या बाप्यांच्या, प्रतिक्रिया. "काय ती जुगलबंदी!" "कोण होतं रे शटरवर?" "नाद खुळा!"

मी भाजी चिरत होते. हात पुसले आणि लावलं.

गाणं लांबून कुठून तरी येतं, फुटकं, खरखरीत. पण शटर अगदी कानाशी. टक. टकटक. आणि त्यावर माझं कडं. खण. खणखण.

असा आवाज कुणाच्या मुठीचा नसतो. पितळी घंटेसारखा स्वच्छ, सगळ्या गोंगाटाच्या वर. जाड स्टीलचा, लेथवर घासलेला. अख्ख्या कोल्हापुरात एकच होतं तसलं, आणि ज्यानं केलं तो शटरच्या त्या बाजूला होता.

शेवटची टक आली. मी स्वयंपाकघरात उभी, आणि परत त्या दोनची वाट बघायला लागले. सव्वीस वर्षांनी, ठाऊक असून.

कुणी कुणी ऐकलंय ते टाकणाऱ्याला मोबाइलमध्ये दिसतं; अभ्यानं हौसेनं ती यादीच ग्रुपवर टाकली. पाचवं नाव दादाचं होतं. त्यानं लिहिलं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "वैजे, उद्या पुण्याला येतोय. पोरीच्या कॉलेजचं काम आहे. बाराच्या सुमाराला येतो जेवायला."

"ये की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नेमकी अकरापासून लाईट गेली. घरात मी एकटीच. पोळ्या केल्या, आमटी केली, त्याला आवडतं म्हणून खरडा केला आणि खिडक्या उघडून त्याचा ठसका बाहेर घालवला. बारा वाजले, सव्वाबारा झाले. फोन लावला तर बंद. साडेबाराला मला एकदम वहिनीचं बोलणं आठवलं. मागं एकदा हसत हसत म्हणाली होती, "ह्यांचं एक खूळच आहे. बेल नसली की दार वाजवायचे नाहीत. बाहेर उभारून फोन करतील, नाहीतर कुणी उघडेल म्हणून थांबतील. पण हात लावणार नाहीत दाराला." तेव्हा मीही हसले होते.

मी जाऊन दार उघडलं.

दादा समोर उभा होता. हातात पिशवी, केस पांढरे झालेले, तीन जिने चढल्यानं श्वास लागून गेलेला आणि परत बसलेला. तीन जिने चढल्यावर त्याचा श्वास बसायला अर्धा तास लागतो, हे मला ठाऊक आहे.

"किती वेळ उभारलायस?"

"आत्ता आलो की."

"खोटं बोलू नकोस."

"लाईट नाही. बेल वाजेना. मोबाइल गाडीतच बंद पडला."

"मग दार वाजवायचं!"

तो उंबऱ्याच्या बाहेर तसाच उभा. म्हटलं, आता नाही बोलले तर मी मरताना बोलणार आहे काय?

"दादा, मला कळलं होतं. तूच आहेस ते."

"हं."

"ताल चुकला तेव्हासुद्धा कळलं होतं. तरी मी—"

"कडं मी केलंतं, वैजे," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, जेवायला काय आहे विचारावं तसा. "त्याचा आवाज मला कळणार नाही व्हय?"

मी दाराची चौकट धरली.

"पयल्यांदा बरं वाटलं," दादा म्हणाला. "म्हटलं, वैजू आहे दारापाशी. आता उघडती." तो जरा थांबला. श्वासासाठी की कशासाठी, मला कळलं नाही. "मग तू नुसतंच वाजवत राहिलीस."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. रडायचासुद्धा मला काय अधिकार होता? तरी रडले. तो पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभा राहिला. "कडं खरंच टाकलंस व्हय?" त्यानं विचारलं.

"नाही. कपाटात आहे."

त्यानं मान हलवली. आत यायला पाय उचलला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला थांबवलं.

"एकदा वाजव," मी म्हटलं.

"काय खुळ्यागत करालीस? भूक लागलीय मला."

"एकदाच. दादा, पाया पडतो तुझ्या."

आणि मी दार लावून घेतलं. तो बाहेर, मी आत. हात कडीवर ठेवला. घरात पंखा बंद, फ्रिज बंद, एवढा सन्नाटा की त्याच्या श्वासातली बारीक शिट्टी मला लाकडातून ऐकू येत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर झाला. मला वाटलं, नाही वाजवणार. जिना उतरून जाईल. गेला तरी मी काय म्हणणार होते?

टक.

पुढच्या दोनची मी वाट बघितली नाही. दार उघडलं.

दादाचा हात अजून वर होता, मूठ वळलेली. तो त्या मुठीकडंच बघत होता. मग त्यानं हात खाली घेतला आणि चपला काढायला वाकला.

"आधी पाणी दे," तो म्हणाला.